हाक मारल्याबिगर पाणी सोडू नका

कारखान्याचं नाव मी घेणार नाही, आणि तळ्याचंही नाही. मुडबीच्या अलीकडं डाव्या हाताला एक मुरमाड रस्ता फुटतो, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. तुम्ही शेतातल्या विहिरीवर कॅमेरा बसवा म्हणता, बसवून देतो. पण घरबसल्या मोटार चालू करायचं बटण मी जोडून देणार नाही. कामून, म्हणून विचारलंत. बसा मग. तो कंदील जरा वाऱ्याच्या आडोशाला घ्या. लाइट येईपर्यंत सांगून होईल.

दोन हजार नऊ साल. मी सव्वीस वर्षांचा होतो. बिदरला माझ्याबरोबर डिप्लोमा केलेली पोरं हैदराबादला, पुण्याला निघून गेली होती. मी बसवकल्याणात एक गाळा घेऊन बसलो. पेट्रोल पंप, दगडाच्या खाणी, गोदामं, जिथं वायर ओढता येत नाही तिथं कॅमेरा लावायचा आणि त्याचं चित्र डिशवरून दहा-बारा किलोमीटर लांब मालकाच्या टेबलावर न्यायचं, हा माझा धंदा. धंदा म्हणजे मी आणि लिंबाजीअण्णा.

लिंबाजीअण्णा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. संतपूरकडचा. त्याच्या आजोबापर्यंत घरात मेंढरं होती, मग जमीन घेतली, मग तीही वाटण्यांत बारीक झाली आणि हा मोबाइलच्या टॉवरवर चढायच्या कामाला लागला. तिथून माझ्याकडं आला. उंचीची भीती त्याला ठाऊकच नव्हती. आणि नजर अशी, की माळावर उभा राहून हात लांबवून म्हणायचा, "रवी, डिश त्या बाभळीच्या जरा उजव्या अंगाला धर," आणि तसंच निघायचं. "आमच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली," म्हणायचा, "लांबचं दिसाय नको व्हय?" दोन वर्षांमागं त्याचं लग्न झालं होतं. रोज संध्याकाळी काम उरकलं की रेंज शोधत फिरायचा आणि तुळजावैनीला फोन करायचा. काय बोलायचा देव जाणे, पण परत यायचा तेव्हा तोंडावर हसू असायचं.

कारखान्याचं पाणी साडेअकरा किलोमीटरवरच्या तळ्यातून यायचं. तळ्यात, काठापासून शंभर पावलांवर, एक गोल सिमेंटची विहीर बांधलेली. काठापासून विहिरीपर्यंत अरुंद पूल. विहिरीवर सिमेंटचा माथा, त्यात लोखंडी झाकण, झाकणाखाली चाळीस फूट खोल जाणारी लोखंडी शिडी. तळाशी भिंतीत एक लोखंडी दार. दार उघडलं की तळ्याचं पाणी आत घुसतं, विहीर पार झाकणापर्यंत भरते, आणि मोटारी ते पाणी उचलून कारखान्याकडं ढकलतात. गाळ आत येऊ नये म्हणून काम झालं की दार लावायचं आणि विहीर उपसून कोरडी ठेवायची. तिकडं थ्री फेज लाइट दुपारी बाराला यायची, चारला जायची. त्यामुळं जे काय व्हायचं ते दुपारी बाराला.

दोनदा तिथली तांब्याची केबल चोरीला गेली होती. कारखान्याच्या साहेबांनी ठरवलं, कॅमेरा लावायचा, आणि कॅमेरा लागतोच आहे तर दार आणि मोटारीही कारखान्यातूनच चालवायच्या. म्हणजे तिथं माणूस नको.

तिथला माणूस म्हणजे तिप्पण्णा.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तो काठावरच्या खोलीबाहेर बसून दोरी वळत होता. साठीला आलेला, वाळलेला, पांढऱ्या मिशा. बायको चन्नव्वा आत भाकऱ्या थापत होती. आम्ही कशाला आलो ते त्याला ठाऊक होतं, तरी पाणी दिलं, सावलीला बसवलं. लिंबाजीअण्णा कन्नडमध्ये दोन शब्द बोलला तसा तो खुलला, आणि मराठीतच बोलायला लागला.

बाराला पाच कमी असताना तो उठला. कोपऱ्यातली हातभर लांब सळई घेतली आणि पुलावरून विहिरीकडं निघाला. आम्हीही मागं गेलो. उन्हानं सिमेंट तापलं होतं, चपलेतून चटके बसत होते. तिप्पण्णानं झाकणाची कडी काढली, झाकण उलटं टाकलं. आतून गार, शेवाळाचा वास आला. त्यानं सळई कठड्यावर तीनदा आपटली आणि वाकून खाली हाक मारली,

"निघा रे... पाणी सोडायलोय... निघा वर!"

मग नुसता उभा राहिला. मान खाली, कान शिडीकडं. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. तळ्यावर वारासुद्धा नव्हता. मग त्यानं मान हलवली, दोन पावलं बाजूला सरला, एखाद्याला वाट द्यावी तसा, आणि थोड्या वेळानं झाकण लावून कडी घातली. खोलीत जाऊन खटका दाबला. पायाखाली गुरगुर सुरू झाली.

"अप्पा, खाली कोण असतंय?" मी हसत विचारलं.

तो हसला नाही. "असले तर," एवढंच म्हणाला.

जेवताना लिंबाजीअण्णानं पुन्हा विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं. चन्नव्वा भाकरी वाढता वाढता थांबली आणि आत निघून गेली.

चौऱ्याण्णव साली विहीर नवी होती. गाळ काढायला तिकडं तेलंगणातल्या पालमूरकडची तीन माणसं लावली होती. नवरा, बायको आणि त्या बाईचा भाऊ. रोज सकाळी आत उतरायची, अकराला वर यायची. एक दिवस गाळ जास्त होता, वर यायला उशीर झाला. कारखान्यातनं निरोप आला, लाइट आली, पाणी सोड. तिप्पण्णा तेव्हा नवा होता. खोलीत बसल्या बसल्या त्यानं खटका दाबला.

"बगितलं न्हाई म्या," तो म्हणाला. "शंभर पावलं जाऊन बगायचं हुतं. न्हाई गेलाव. ऊन लई हुतं."

त्यानं हातातला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"ठेकेदारानं रातोरात गाडी भरली आन् नेली त्यास्नी. कुठं नेली ठावं न्हाई. नावं बी कागदावर न्हवती. पर ते गेले न्हाईत साहेब. म्या हाक मारली की वर येतेत. पुलाच्या टोकापावतर जातेत आन् माघारी फिरतेत. जायचं कुठं? इथं घर कुठाय त्यांचं?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "हाक मारल्याबिगर पाणी सोडलं, की पुन्यांदा बुडतेत. परत्येक येळी."

पश्चात्तापानं माणूस असा होतो, असं मनात म्हणालो. पंधरा वर्षं त्या तळ्यावर, गावापासून लांब राहिलेला माणूस.

काम तीन दिवसांत झालं. कॅमेरा खोलीच्या माथ्यावर असा बसवला, की पूल, विहिरीचा माथा आणि झाकण सगळं चित्रात यावं. एक डिश तिथं, दुसरी कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर. लिंबाजीअण्णा तळ्यावर बोल्ट केसाकेसानं फिरवतोय, मी टाकीवर लॅपटॉप घेऊन आकडे ओरडतोय. "पंच्याहत्तर... सत्तर... पासष्ट... थांब अण्णा, थांब!" आकडा खाली येईल तसा सिग्नल चांगला; तो थांबला तिथं चित्र काचेसारखं स्वच्छ झालं.

कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये राघोबा म्हणून ऑपरेटर होता. पन्नाशीचा, माळकरी नाही पण शब्दाला सच्चा. आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. बाराला तिप्पण्णा सळई घेऊन चित्रात आला. झाकण उघडलं. सळई आपटली. आवाज अर्थातच नव्हता, नुसतं तोंड हललेलं दिसलं. मग तो बाजूला सरला.

आणि झाकणापासून पुलाकडं, तापलेल्या पांढऱ्या सिमेंटवर, एक काळा ठिपका उमटला. मग दुसरा. मग त्याच्यापुढं तिसरा.

"पाणी कशाचं म्हनायचं हे?" राघोबा म्हणाला.

ओली पावलं होती. काही मोठी, काही लहान. एकेक करून पुलाच्या टोकापर्यंत गेली, तिथं घोळका झाल्यासारखं सिमेंट काळं झालं, आणि उन्हात बघता बघता वाळून गेलं. पुलावर तिप्पण्णाशिवाय कुणी नव्हतं.

"चित्र फुटायलंय," मी म्हणालो. "सिग्नल कमी पडला की असे डाग येतात."

सिग्नल कमी नव्हता. आकडा माझ्यासमोर होता.

महिनाअखेरीस तिप्पण्णाला जायला सांगितलं. त्याचा मुलगा हैदराबादला बांधकामावर होता, तिकडं जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी तो बस धरून माझ्या गाळ्यावर आला. काही मागायला येतो तसा दारातच उभा राहिला.

"रवीसाहेब, एक काम करा. तिथं भोंगा लावा. बटण दाबायच्या आदी हाक गेली पायजे. कुणाची बी असू द्या. माझीच भरून घ्या वाटल्यास."

माझ्या माळ्यावर एक जुना भोंगा पडला होता. अर्ध्या दिवसाचं काम. मी म्हणालो, "लावतो अप्पा." त्यानं माझे दोन्ही हात धरले.

मी लावला नाही. आज जातो, उद्या जातो करत राहिलो. साहेबांना विचारलं तर ते हसतील याची लाज वाटली, हे खरं कारण.

गाळप हंगाम सुरू झाला. रोज बाराला राघोबा पडद्यावर बघून बटण दाबू लागला. आठवडा झाला नाही तोच त्याचा फोन. मी गेलो. तो मला बाहेर कडुलिंबाखाली घेऊन गेला.

"त्या झाकणाची कडी नीट लागती का रे?"

"लागते की. काय झालं?"

"बटण दाबलं, की हालती." तो आवाज खाली करून बोलत होता. "आतून कुणी... हात मारल्यावानी. आधी थोडं थोडं हालायचं. आता लई जोरात. मिनिटभर... मग थांबतंय. मी आताशा त्या टायमाला पडद्याकडं बघतच न्हाई. डोळे मिटून बटण दाबतो."

"पाण्याचा दाब असेल," मी म्हणालो. "विहीर भरताना हवा वर येते."

"व्हय," तो म्हणाला. "हवा असंल."

दोन दिवसांनी विहिरीतली पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर बिघडला. विहीर कोरडी असताना भरलेली दाखवायला लागला. त्याची वायर तळाजवळ होती. कुणीतरी खाली उतरायला हवं होतं. उतरणारा अर्थात लिंबाजीअण्णा.

आम्ही नीट ठरवून घेतलं. हे मी पोलिसांनाही सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो, आम्ही नीट ठरवलं होतं. विहिरीत मोबाइलला रेंज नाही. त्यामुळं तो काम उरकून वर येईल, झाकण लावील, कॅमेऱ्याकडं तोंड करून दोन्ही हात वर करील, आणि मगच मी राघोबाला सांगीन. तोवर बटणाला हात लावायचा नाही. बॉयलरला पाणी कमी पडलं तरी नाही.

सकाळी तो त्याच्या मोटारसायकलवरून तळ्याकडं गेला, मी कंट्रोल रूममध्ये बसलो. जाताना म्हणाला, "आज लवकर सोड रवी. घरला जायचंय. तुळजा लई दिवसांपासून म्हनायलीय, ये ये."

अकरा वीसला तो पडद्यावर दिसला. डोक्याला पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा. झाकण उघडलं, वाकून आत बघितलं, कॅमेऱ्याकडं बघून हात हलवला आणि उतरला.

झाकण उघडंच. काळं तोंड. मी नजर हलवली नाही. राघोबा शेजारी बसून होता. साहेबांचा फोन दोनदा आला, बॉयलरला पाणी हवं. बाराला लाइट आली. मी म्हणालो, थांबा.

बारा सातला तो वर आला.

आधी हात दिसले, मग डोकं, मग तो पूर्ण माथ्यावर उभा राहिला. निळा शर्ट, कमरेला पट्टा. त्यानं वळून झाकण लावलं. कडी घातली. ओढून बघितली, नीट लागलीय का. मग कॅमेऱ्याकडं तोंड केलं आणि दोन्ही हात वर केले.

"करा चालू," मी म्हणालो.

राघोबानं बटण दाबलं. आणि त्याच वेळी त्यानं माझ्या मनगटाला धरलं.

"रवी... हेल्मेट कुठाय त्याचं?"

तो पुलावरून काठाकडं चालत होता. डोकं उघडं. चालताना खाली बघत नव्हता, वर बघत नव्हता. त्याच्या मागं सिमेंट काळं होत होतं. एकेक पाऊल. विहीर कोरडी होती, आणि तो ओला होता. मी हे सगळं बघितलं होतं. आधीच बघितलं होतं. कळलं मात्र नंतर.

आणि त्याच्या पाठीमागं झाकण हलायला लागलं.

"बंद करा! काका, बंद करा!"

राघोबानं बटण दाबलं. पण विहिरीच्या तळाचं ते दार लोखंडी, पाण्याच्या दाबावर सरकणारं. उघडायला एक मिनिट लागतं, लागायला सहा. झाकण उड्या मारत होतं. कडी ताणली जात होती. आवाज काहीच नव्हता. एवढा स्वच्छ सिग्नल, आणि आवाज नाही. मी पडद्यावर हात ठेवून उभा होतो. मग झाकण हलायचं थांबलं.

साडेअकरा किलोमीटर मी कसा गेलो मला आठवत नाही. काठावर त्याची मोटारसायकल लावलेली होती. हँडलला पिशवी, पिशवीत त्याचा मोबाइल, त्यावर माझे नऊ मिस्ड कॉल. मी हाका मारत पुलावरून धावलो. पुलावर एक थेंब नव्हता. कडी घट्ट लागली होती, बाहेरून. वाकली होती. दगडानं ठोकून काढावी लागली.

लिंबाजीअण्णा झाकणाच्या लगेच खाली होता. शिडीच्या वरच्या दांडीत त्यानं कोपर अडकवलं होतं. डोक्याला पिवळं हेल्मेट तसंच. त्याचा वरचा भाग चेपला होता, झाकणावर आपटून आपटून.

पुढचं पोलिसांचं. त्यांनी रेकॉर्डिंग बघितलं. मीही त्यांच्याबरोबर बघितलं. अकरा वीसला लिंबाजीअण्णा आत उतरतो. बारा सातला झाकण आपोआप वर उचललं जातं, खाली पडतं, आणि कडी सरकते. माथ्यावर कुणी नाही. पुलावर कुणी नाही. फौजदारानं ते तीनदा लावलं, मग बंद केलं आणि खिशातून रुमाल काढून मान पुसली. पंचनाम्यात लिहिलं, वाऱ्यानं झाकण पडलं. कडीचा उल्लेख नाही. राघोबानं जबाब दिला, की त्यानं आणि मी दोघांनी लिंबाजीला वर आलेलं बघितलं. तो जबाब त्यांनी लिहूनच घेतला नाही. राघोबानं दुसऱ्या दिवशी काम सोडलं.

प्रेत तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मिळणार होतं. घरी फोन करायची माझी हिंमत झाली नाही. फोनवर काय सांगायचं? मी तसाच संतपूरकडं निघालो. दोन तास लागतात. पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता, उजेड होता.

तुळजावैनी अंगणात तूर पाखडत होती. लिंबाजीअण्णाची आई, बाणूमाय, ओट्यावर बसली होती. मला बघून वैनी उठली. हसली नाही. सूप खाली ठेवलं आणि दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिली, आडवी.

"वैनी," मी म्हणालो.

"तुमी येनार मनून सांगितलंय त्यांनी," ती म्हणाली.

"कुणी?"

"ह्यांनी. दुपारीच आलेत की. एक बी वाजला नव्हता. चालत आले, गाडी कुठाय म्हनलं तर बोलले न्हाईत. सगळे कपडे ओले." ती हळू आवाजात बोलत होती. "भाकरी खाल्ली. मग म्हनले, संध्याकाळी रवी येईल, काहीबाही सांगल. त्याचं ऐकू नको."

मी बाणूमायकडं बघितलं. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ती म्हणाली, "म्या न्हाई बगितलं बाबा. पर कुणीतरी आलं हुतं. वासावरून वळखीचं वाटलं न्हाई. तळ्याचा वास हुता."

"आता कुठायत?" मी विचारलं.

"निजलेत आत." आणि मग, जरा थांबून, कपाळाला आठी घालून वैनी म्हणाली, "एकच इपरीत वाटलं मला. भाकरी खाऊन उठले, आन् इचारले... कुठं निजू? सवताच्या घरात, बगा. कुठं निजू म्हनून इचारले."

बाणूमाय उठली, भिंत चाचपत आत गेली. आतल्या खोलीचं दार लोटलं. मी तिच्या खांद्यावरून बघितलं. बाज रिकामी होती. वाकळ नीट घडी घालून उशाला ठेवलेली. खोलीला दुसरं दार नव्हतं, खिडकी नव्हती.

मी तिथंच खाली बसून म्हातारीला सांगितलं. तिनं हंबरडा फोडला, शेजारी धावले. तुळजावैनी चौकटीतून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रेत आणलं तेव्हा ती बघायलासुद्धा बाहेर आली नाही. बायका बांगड्या फोडायला गेल्या, तर तिनं दोन्ही हात पदराखाली धरले. "माझा मानूस घरात हाय," म्हणाली. "कुनाचं आनलाव हे? ज्याचं हाय त्याला द्या जावा." लोक म्हणाले, धक्का बसलाय, निवळेल.

तिप्पण्णाला मी हैदराबादला पत्र घातलं. उत्तर आलं नाही. चार महिन्यांनी तोच आला. त्याला सगळं सांगितलं, भोंग्याचंही सांगितलं. मला वाटलं होतं शिव्या देईल. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला, बापानं ठेवावा तसा, आणि म्हणाला, "आता तुला बी झोप यायची न्हाई रे." त्या दिवसापासून तो पुन्हा तळ्यावर राहायला गेला. कारखान्यानं पगार दिला नाही, त्यानं मागितला नाही. मरेपर्यंत रोज बाराला हाक मारत होता. मग कारखानाच बंद पडला.

बाणूमाय दुसऱ्या वर्षी गेली. मी वर्षातून एकदा संतपूरला जायचो, लागेल ते देऊन यायचो. तुळजावैनी कपाळाला कुंकू लावते, हिरवा चुडा भरते. गावानं बोलणं सोडून दिलं आहे. शेत बटईनं दिलंय, घरात एकटीच असते.

मागच्या उन्हाळ्यात गेलो होतो. दुपारची वेळ. तिनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी काही विचारायला तोंड उघडलं, तसं तिनं ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोला भाऊजी. आत्ता डोळा लागलाय त्यांचा."

आतल्या खोलीचं दार ओढून घेतलेलं होतं. तिनं चुलीवर चहा ठेवला. तीन कप मांडले. एक माझ्यासमोर ठेवला, एक स्वतःला घेतला, आणि तिसरा काठोकाठ भरलेला, वाफा निघणारा, पदरानं धरून आत घेऊन गेली. दार तिच्यामागं लागलं. तिचा आवाज मला ऐकू येत होता, बायको नवऱ्याशी बोलते तसा, घरगुती. लाइटबिलाचं काहीतरी. छपराचे पत्रे बदलायचं काहीतरी. दुसरा आवाज नव्हता. पण ती मधे मधे थांबत होती, ऐकून घ्यावं तेवढं. आणि एकदा हसली.

मी उठलो. चपला पायात घातल्या. आत बघावं असं एकदाही वाटलं नाही.

ती बाहेर आली तेव्हा मी अंगणात होतो. तिच्या हातात कप होता. मला वाट द्यायला ती बाजूला झाली, आणि तिनं तो कप तुळशीजवळच्या घमेल्यात पालथा घातला.

त्यातून थेंबही पडला नाही.